बस जगली तर कष्टकऱ्यांची मुंबई जगेल

घरखर्चाची वही उघडली की आपल्या माता-भगिनी आधी किराणा लिहितात, मग दूध, मुलांची फी, लाइटबिल, औषधपाणी. येण्याजाण्याचा खर्च बहुधा वहीत येतच नाही. तो सकाळी खिशात टाकलेल्या सुट्ट्या पैशांतून जातो आणि महिनाअखेरीस पैसे कुठे गेले याचा पत्ता लागत नाही. आम्ही पडलो कारकुनी पेशातले. आकडेमोड हा आमचा रोजचा व्यवहार. म्हणून हा हिशेब आज वाचकांपुढे मांडत आहोत.

९ मे २०२५ पासून मुंबईत बेस्टच्या साध्या बसचे किमान भाडे ५ रुपयांवरून १० रुपये झाले आणि वातानुकूलित बसचे ६ रुपयांवरून १२ रुपये. वस्तीतून स्टेशनपर्यंत जायला सकाळी एक बस आणि परतताना संध्याकाळी एक, असे महिन्याचे २६ दिवस धरा. साध्या बसने एका माणसाचे पूर्वी २६० रुपये होत, आता ५२० होतात. घरात नवरा-बायको दोघे कामाला जात असतील आणि मुलगा किंवा मुलगी कॉलेजला जात असेल, तर तिघांचे मिळून १,५६० रुपये झाले. हे फक्त स्टेशन गाठण्याचे. पुढचा लोकलचा पास वेगळा, आणि बस वेळेवर न आल्यामुळे करावी लागणारी शेअर रिक्षा त्याहून वेगळी. ज्या घरात महिन्याला पंधरा-वीस हजार रुपये येतात, त्या घराला ही रक्कम लहान नाही.

भाडे वाढले, याबद्दल आपण कुरकुर करतो. पण मूळ दुखणे भाड्याचे नाही. ज्या शहरात बहुसंख्य लोकांकडे स्वतःची मोटार नाही, त्या शहराच्या रस्त्यांचे आणि पैशांचे नियोजन कोणाला डोळ्यांसमोर ठेवून होते, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईची ठेवण

मुंबई हे लांबट, चिंचोळे शहर आहे. रेल्वे उत्तर-दक्षिण धावते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी पहिली आगगाडी धावली, तेव्हापासून या शहराची वाढ रुळांच्या कडेने होत गेली. गिरण्या, गोदी आणि फोर्टातील कचेऱ्या दक्षिणेला होत्या. परळ, लालबाग, नायगाव, वरळी येथील चाळींत राहणारा कामगार भोंगा वाजला की पायी गिरणीत जाई. त्याला वाहतुकीचा खर्च जवळजवळ नव्हता.

१९८२ च्या संपानंतर गिरण्यांची घरघर सुरू झाली. कामधंदा अंधेरी, वांद्रे-कुर्ला संकुल, पवई, नवी मुंबई असा विखुरला. आणि कामगार? तो परवडणाऱ्या घराच्या शोधात विरार, नालासोपारा, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा असा लांब लांब गेला. ज्यांना जाता आले नाही ते मानखुर्द, गोवंडी, कुर्ला, मालाड-मालवणी येथील दाटीत राहिले. घर एका टोकाला आणि काम दुसऱ्या टोकाला अशी स्थिती झाली.

यात एक विचित्र गोष्ट घडली. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पासाठी जागतिक बँकेने २००२ मध्ये कर्ज मंजूर केले. रेल्वे आणि रस्ते सुधारण्याच्या या प्रकल्पात सुमारे एक लाख लोकांना आपली राहती जागा सोडावी लागली. त्यांतील अनेकांना मानखुर्दचे लल्लूभाई कंपाउंड, चेंबूरचा वाशी नाका अशा ठिकाणी इमारतींत घरे मिळाली. डोक्यावर पक्के छप्पर आले, हे खरे. पण जुन्या जागेजवळची धुणीभांडी, हातगाडी, नाक्यावरचे काम मागे राहिले. वाहतूक सुधारावी म्हणून ज्यांनी घर सोडले, त्यांनाच कामावर जाण्यासाठी रोज जास्त प्रवास करावा लागला. घरबांधणी आणि वाहतूक यांचा विचार एकत्र झाला नाही, तर असे होते.

लोकलची मर्यादा

लोकल ही मुंबईची जीवनवाहिनी, असे सगळेच म्हणतात. पण ही जीवनवाहिनी किती जीव घेते, हेही पाहिले पाहिजे. २०२३ आणि २०२४ या दोन्ही वर्षांत उपनगरी रेल्वेच्या हद्दीत दोन हजारांहून अधिक माणसे मेली. कोणी रूळ ओलांडताना, कोणी गाडीतून पडून, कोणी अन्य कारणाने. २९ सप्टेंबर २०१७ रोजी तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि २३ जण गेले. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या बाजूबाजूने जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडले आणि काहींचा जीव गेला. ही माणसे हौसेने दारात उभी नव्हती. आत पाय ठेवायला जागा नव्हती.

लोकलच्या फेऱ्या वाढल्या पाहिजेत, नवे रूळ पडले पाहिजेत, डबे वाढले पाहिजेत, यात वाद नाही. पण रूळ टाकायला जागा लागते आणि वर्षेच्या वर्षे जातात. शिवाय लोकल घाटकोपरहून अंधेरीला जात नाही. मुंबईच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणाऱ्याला वर्षानुवर्षे बसचाच आधार होता. घाटकोपर-अंधेरी-वर्सोवा मेट्रो आली ती जून २०१४ मध्ये.

बेस्ट कशी खंगली

या शहराला बसची मोठी परंपरा आहे. १८७४ मध्ये घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची ट्राम आली आणि १५ जुलै १९२६ रोजी पहिली मोटारबस धावली. ७ ऑगस्ट १९४७ रोजी, म्हणजे स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा उपक्रम मुंबई महापालिकेच्या ताब्यात आला. वीजपुरवठा आणि बस ही दोन्ही कामे एकाच संस्थेकडे असल्याने विजेच्या उत्पन्नातून बसचा तोटा भरून निघत असे. ती वाट पुढे बंद झाली आणि बसचा तोटा उघडा पडला.

२०१० च्या सुमारास बेस्टकडे साडेचार हजारांवर बसगाड्या होत्या. २०२५ मध्ये त्या पावणेतीन हजारांच्या आसपास उरल्या. त्यांतही बेस्टच्या स्वतःच्या मालकीच्या काही शेच. बाकीच्या ठेकेदारांकडून भाड्याने घेतलेल्या. लोकवस्ती वाढली आणि बसगाड्या कमी झाल्या. दहा मिनिटांनी येणारी बस अर्ध्या तासाने येऊ लागली. वाट पाहून कंटाळलेला प्रवासी शेअर रिक्षाकडे वळला, तरुणाने कर्ज काढून दुचाकी घेतली. प्रवासी घटले म्हणून उत्पन्न घटले, उत्पन्न घटले म्हणून फेऱ्या घटल्या, फेऱ्या घटल्या म्हणून आणखी प्रवासी गेले. आजारी माणसाचे जेवण कमी करावे आणि मग तो अशक्त का झाला म्हणून विचारावे, तसला हा प्रकार.

ठेक्याच्या पद्धतीने बसचालक आणि वाहक यांचीही परवड केली. पूर्वी बेस्टमध्ये चिकटलेला मुलगा म्हणजे घराला आधार, असे आपल्या वस्त्यांत म्हटले जाई. कायम नोकरी, भविष्य निर्वाह निधी, आजारपणात रजा. ठेकेदाराकडच्या चालकाला यांतले किती मिळते? ९ डिसेंबर २०२४ रोजी कुर्ला पश्चिमेला भाडेतत्त्वावरची विजेवर चालणारी बस भर गर्दीत घुसली आणि अनेकांचे प्राण गेले. त्यानंतर चालकांना या नव्या गाड्यांचे पुरेसे शिक्षण दिले जाते का, हा प्रश्न सर्वत्र विचारला गेला. तो अपघातापूर्वी विचारायला हवा होता.

याच बेस्टने २०२० च्या टाळेबंदीत काय केले ते आठवा. मार्चमध्ये लोकल बंद झाली. तेव्हा परिचारिका, वॉर्डबॉय, सफाई कामगार यांना रुग्णालयापर्यंत आणि चौकीपर्यंत पोहोचवले ते बेस्टच्या चालक-वाहकांनी. त्यांतले कित्येक जण करोनाने गेले. अशा सेवेचा हिशेब केवळ नफा-तोट्यात करायचा का? शाळा तोट्यात आहे, असे आपण म्हणत नाही. सार्वजनिक दवाखाना तोट्यात आहे, असेही म्हणत नाही. मग बस तोट्यात आहे, असे का म्हणायचे? उड्डाणपुलाने किती नफा कमावला, हे तर कोणी विचारीतच नाही.

भाडे कमी केले तर काय होते, हेही मुंबईने पाहिले आहे. ९ जुलै २०१९ रोजी किमान भाडे ८ रुपयांवरून ५ रुपयांवर आणले गेले. काही आठवड्यांतच रोजचे प्रवासी काही लाखांनी वाढले. म्हणजे लोकांना बस नको होती असे नव्हे. लोकांना परवडणारी आणि वेळेवर येणारी बस हवी होती.

रस्त्याची वाटणी

आता रस्त्याकडे वळू. मुंबईत रस्ते साधारण दोन हजार किलोमीटर. वाहने मात्र पंचेचाळीस लाखांच्या वर गेली आहेत. रस्ता रबरासारखा ताणता येत नाही. मग त्याची वाटणी कशी करायची?

कोणत्याही नाक्यावर सकाळी नऊ वाजता उभे राहून मोजून पाहा. एका भरलेल्या बसमध्ये साठ माणसे सहज असतात. मोटारीत बहुधा एक किंवा दोन. सरासरी दीड धरली, तर साठ माणसांना चाळीस मोटारी लागतात. बस बारा मीटर लांब. चाळीस मोटारी एकामागे एक उभ्या केल्या, तर दोनशे मीटरच्या वर रांग लागते. तरीही सिग्नलला बस आणि मोटार एकाच रांगेत अडकतात आणि साठ माणसांची बस एका माणसाच्या मोटारीमागे थांबते. रस्ता करदात्यांच्या पैशाने बांधलेला. साबण, काडेपेटीपासून सर्व वस्तूंवर कर भरणारा गरीब माणूसही करदाताच आहे. मग रस्त्याची वाटणी माणसे मोजून व्हावी की गाड्या मोजून?

हे काही आमचे एकट्याचे म्हणणे नाही. केंद्र सरकारने २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर केले. वाहने हलवणे हे नव्हे, तर माणसे हलवणे हे नियोजनाचे ध्येय असावे, हा त्या धोरणाचा गाभा आहे. धोरण कागदावर उत्तम. प्रत्यक्षात काय झाले? १९९५ नंतरच्या काही वर्षांत मुंबईत पन्नासावर उड्डाणपुलांची योजना हाती घेतली गेली. २००९ मध्ये वांद्रे-वरळी सागरी सेतू झाला. मार्च २०२४ पासून किनारी रस्त्याचा पहिला टप्पा खुला झाला. सागरी सेतूवर आणि किनारी रस्त्यावर दुचाकीला मज्जाव, रिक्षाला मज्जाव, पायी जाणाऱ्याचा तर प्रश्नच नाही. बस चालते, पण ती अगदी मोजकी.

किनारी रस्त्यावर सुमारे चौदा हजार कोटी रुपये खर्च झाले. विजेवर चालणारी एक मोठी बस दोन कोटींची धरली, तरी एवढ्या पैशांत सात हजार बसगाड्या येतात. त्या चालवायला माणसे, आगार, वीज यांचा खर्च वेगळा लागेल, हे आम्ही जाणतो. तरीही तुलना करून पाहायला हरकत नाही. निम्म्या पैशांत बसगाड्या आणि निम्म्यात त्या चालवण्याची व्यवस्था केली असती, तर आज मुंबईतल्या प्रत्येक वस्तीच्या तोंडाशी पाच-दहा मिनिटांनी बस उभी राहिली असती.

दुसऱ्या शहरांचा अनुभव

दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाची राजधानी बोगोटा. तेही गर्दीचे, गरिबीचे शहर. डिसेंबर २००० मध्ये तेथे मोठ्या रस्त्यांच्या मधोमध फक्त बससाठी मार्गिका राखून ट्रान्समिलेनिओ ही सेवा सुरू झाली. तिकीट स्थानकात शिरतानाच काढायचे, बसची पायरी आणि फलाट एकाच उंचीवर, त्यामुळे चढ-उतार झटपट. भुयारी रेल्वेच्या तुलनेत थोड्या पैशांत आणि थोड्या काळात लाखो लोकांची सोय झाली. पुढे त्या बसमध्येही अतोनात गर्दी होऊ लागली आणि प्रवाशांनी आंदोलने केली. यातून दोन धडे मिळतात. बसला स्वतंत्र वाट दिली की बस वेगाने धावते. आणि वाट देऊन थांबायचे नसते, प्रवाशांबरोबर बसगाड्याही वाढवाव्या लागतात.

आपल्या देशात काय झाले? अहमदाबादेत २००९ मध्ये अशी मार्गिका सुरू झाली. पुण्यात २००६ मध्येच स्वारगेट-हडपसर-कात्रज मार्गावर प्रयोग झाला. पण काम अर्धवट राहिले आणि बसच्या मार्गिकेत मोटारी, दुचाकी घुसू लागल्या. दिल्लीत २००८ मध्ये मार्गिका झाली, तेव्हा मोटारवाल्यांनी ओरड केली. आमच्या गाड्या खोळंबतात आणि बस पुढे जाते, ही त्यांची तक्रार. अखेर २०१६ मध्ये ती मार्गिका उखडून टाकण्यात आली. बसमधल्या लोकांचा आवाज मोटारीतल्या लोकांच्या आवाजापुढे पडला. बसचे प्रवासी संख्येने जास्त, पण संघटित नाहीत. म्हणून असे होते.

मेट्रो आली, मग बस कशाला?

असे काही जण विचारतात. मेट्रो वाईट नाही. कुलाबा ते आरे ही साडेतेहतीस किलोमीटरची भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. तिने अनेकांचा वेळ वाचला. पण तिचे जास्तीत जास्त भाडे ७० रुपये ठरले. जाऊन-येऊन १४० रुपये. पाच घरी धुणीभांडी करणाऱ्या भगिनीला हे रोज परवडेल काय? शिवाय मेट्रो स्टेशनपर्यंत जायचे कसे? स्टेशनाबाहेर पडले की बस हवीच, आणि चालायला फुटपाथ हवाच. एमएमआरडीएने २००८ मध्ये पूर्ण केलेल्या मोठ्या वाहतूक अभ्यासात दिसून आले होते की मुंबई महानगरातील सुमारे निम्म्या फेऱ्या लोक पायी करतात. तेव्हा फुटपाथ हीदेखील वाहतुकीची सोयच आहे. लोकल आणि मेट्रो या दोन मोठ्या शिरा मानल्या, तर बस आणि फुटपाथ या लहान शिरा आहेत. लहान शिरा सुकल्या तर रक्त बोटांपर्यंत पोहोचत नाही.

हल्ली ‘शाश्वत वाहतूक’ हा शब्द सभा-परिसंवादांत फार ऐकू येतो. आमच्या मते त्याचा साधा अर्थ असा: आज चालेल, उद्याही चालेल, हवा नासवणार नाही आणि गरिबातल्या गरिबाला परवडेल अशी वाहतूक. धुराचा त्रास आधी कोणाला होतो? हमरस्त्याच्या कडेला झोपडी असलेल्याला, रस्ता झाडणाऱ्याला, फेरीवाल्याला. विजेची बस त्यांच्याही फुफ्फुसांसाठी चांगली. पण बसगाड्या पुरेशा नसतील, तर नुसत्या विजेवर चालवून उपयोग नाही.

एक दिवस जमते, ते रोज का नाही?

६ डिसेंबरला दादरला लाखोंचा जनसमुदाय येतो. त्या दिवसांत रेल्वे जादा गाड्या सोडते, बेस्ट जादा बस सोडते, काही रस्ते मोटारींना बंद करून पायी चालणाऱ्यांना मोकळे केले जातात. पिण्याचे पाणी, फिरती शौचालये, दिशा दाखवणारे फलक यांची सोय होते. त्यात उणिवा राहतात, पण एवढा समुदाय येतो आणि सुखरूप परत जातो. म्हणजे माणसे डोळ्यांसमोर ठेवून नियोजन करणे या शहराच्या प्रशासनाला येते. मग दररोज कामाला जाणाऱ्या लाखोंसाठी ते का करू नये?

आपल्या मागण्या

आमच्या मते आपण पुढील मागण्या धरून बसल्या पाहिजेत.

१. बसगाड्यांची संख्या निदान पूर्वीइतकी, म्हणजे साडेचार हजारांवर न्यावी आणि त्यानंतर लोकसंख्येप्रमाणे वाढवावी.

२. मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी एक मार्गिका केवळ बससाठी राखावी. त्यात घुसणाऱ्या खासगी वाहनाला दंड व्हावा.

३. प्रत्येक पुनर्वसन वसाहतीतून जवळच्या स्टेशनपर्यंत पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत बस असावी. सफाई कामगार पहाटे निघतात आणि रुग्णालयातील भगिनी रात्री परततात, हे वेळापत्रक करताना ध्यानात घ्यावे.

४. मार्च २०२३ मध्ये राज्य सरकारने एसटीत महिलांना अर्धे भाडे केले. दिल्लीने २०१९ मध्ये महिलांना बसप्रवास मोफत केला, तामिळनाडूने २०२१ मध्ये साध्या बससाठी तेच केले. अशी सवलत मुंबईच्या बसमध्येही द्यावी.

५. बसच्या तोट्यासाठी महापालिकेच्या अर्थसंकल्पात दरवर्षी ठरावीक तरतूद असावी. चालक-वाहकांना योग्य शिक्षण आणि नोकरीची हमी असावी.

आपण काय करू शकतो?

मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे प्रशासकाचा कारभार चालला. त्या काळात वस्तीची गाऱ्हाणी सभागृहात मांडणारे कोणी नव्हते. अशा गोष्टींची आपणच नोंद ठेवायला हवी.

प्रत्येक वस्तीतील मंडळाने आणि महिला मंडळाने एक आठवडा आपल्या बसस्टॉपवर वही घेऊन बसावे. कोणत्या नंबरची बस किती वाजता आली, किती माणसे चढली, किती मागे राहिली, हे लिहावे. दहावी-बारावीची मुले हे काम सहज करतील. मग माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. शुल्क दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तेही नाही. अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा. विचारायचे एवढेच: अमुक मार्गावर रोज किती फेऱ्या ठरल्या आहेत, गेल्या तीन महिन्यांत प्रत्यक्ष किती झाल्या, आणि न झालेल्या फेऱ्यांची कारणे काय. तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. आपली वही आणि त्यांचे उत्तर समोरासमोर ठेवले की बोलायला आधार मिळतो. मग आगार व्यवस्थापकाला निवेदन द्यावे, नगरसेवक आणि आमदार यांना द्यावे, आणि त्याची पोचपावती जपून ठेवावी.

मते मागायला येणारा प्रत्येक जण आपल्या वस्तीत समाजमंदिर, लाद्या, नळ यांविषयी बोलतो. त्याला एक प्रश्न अवश्य विचारा: आमच्या स्टॉपवर बस किती मिनिटांनी येते, हे तुम्हाला ठाऊक आहे काय? उत्तर आले नाही, तर आपली वही त्याच्या हातात द्या आणि पुढच्या सहा महिन्यांत त्यात काय फरक पडला, हे विचारायला त्याच्याकडे पुन्हा जा.